ताईच्या कमरेचे दोन किलो

मी शिशाचा ठोकळा बोलतोय. पाण्याखाली उतरणारी माणसं कमरेच्या पट्ट्यात जी वजनं ओवतात ना, त्यातलाच एक. दोन किलोचा, तळहाताएवढा, पट्टा जायला मधे दोन फटी. रूप म्हणाल तर यथातथाच. माझी कहाणी ऐकावी असं आजवर कुणाला वाटलं नाही, म्हणून मीच तोंड उघडतोय.

आधीच कबूल करतो, मी मत्सरी आहे. दुसऱ्याचं बरं झालं की माझ्या पोटात दुखतं. शिशाला पोट कुठलं, असं विचारू नका. दुखतं एवढं खरं.

माझा जन्म बोटी दुरुस्त करायच्या कारखान्यात झाला. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी जुन्या नळांचे तुकडे आणि गाड्यांच्या चाकांना तोल राखायला लावतात ती शिशाची बारकी वजनं एका कढईत वितळवली, वरची काजळी पळीनं काढली आणि रस लोखंडी साच्यात ओतला. एका कढईतून आम्ही बारा भाऊ निघालो. थंड झाल्यावर मिस्त्रींनी एकेकाला तराजूत टाकलं, कानशीनं कडा घासल्या आणि म्हणाले, "चला, बुडायला मोकळे!" शिशाला याहून चांगला आशीर्वाद कोण देणार?

तिथून आम्ही मास्तरांकडे आलो. मास्तर म्हणजे किनाऱ्यावरच्या डायव्हिंग शाळेचे मालक. त्यांच्या सामानाच्या खोलीत प्रत्येकाची जागा ठरलेली. रबरी सूट हँगरवर, मास्क आपापल्या डब्यात, तोंडात धरायच्या नळ्या खुंटीवर हलक्या हातानं गुंडाळून. हवेच्या टाक्यांचा थाट तर जावयासारखा. दोघांनी उचलायचं, हळू ठेवायचं, चुकून पाय लागू द्यायचा नाही. आणि आम्ही? दाराजवळच्या प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये. वारा सुटला की दार आपटू नये म्हणून मला उचलून दाराशी ठेवत. आल्यागेल्याची ठोकर खात मी तिथे पडून असायचो.

मास्कवर मी फार जळायचो. काचेवर वाफ धरू नये म्हणून लोक त्याच्यात चक्क थुंकतात, तरी त्याचा तोरा कमी होत नाही. काय तर म्हणे, सगळा समुद्र माझ्यातून दिसतो. अरे, पण समुद्रात तुला खाली नेतं कोण? मी नसेन तर तू लाटांवर डुचमळत बस आणि आभाळ बघ. हे मी त्याला पुष्कळदा सुनावलं. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

माणसांची एक गोष्ट मला कधीच कळली नाही. एरवी माणसं आपला आकडा फुगवून सांगतात. अनुभवाची वर्षं असोत, पोरांचे मार्क असोत, नाहीतर गळाला लागलेल्या माशाची लांबी. पाणबुड्यांमध्ये मात्र उलटं. ज्याच्या कमरेला शिसं कमी, तो मोठा. नवशिका घाबरून छाती भरलेलीच ठेवतो, फुग्यासारखा वर येतो, म्हणून त्याला खाली ठेवायला आम्ही चार-पाच जण लागतो. तो शिकत जातो, श्वास संथ होतो आणि एकेक ठोकळा उतरतो. म्हणजे माझ्या माणसाची प्रगती झाली की माझी गच्छंती. गरज सरो, वैद्य मरो.

एका वर्षी सलग चार दिवस सुटी आली आणि ताई आली.

मास्तरांच्या शाळेत शिकवणारी जी धाकटी, तिची ही थोरली बहीण. धाकटी तिला ताई म्हणायची, मग मास्तर, बोटवाला, सगळेच म्हणू लागले. ताईचं औषधांचं दुकान होतं. चष्मा, घट्ट बांधलेले केस, एक गोळी कमी नाही की जास्त नाही, असा कारभार. आई लवकर गेली तेव्हा धाकटीला तिनंच वाढवलं होतं. डायव्हिंगचा कोर्स तिनं वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी पुरा केला होता, तोही तरणतलावात आणि एका थंडगार तळ्यात. अशा उबदार समुद्रात ती पहिल्यांदाच उतरणार होती.

"ताई, तुला आठ किलो लागतील," पट्टा हातात घेऊन धाकटी म्हणाली.

"आठ? आणि तुला?"

"मला चार पुरतात."

"चार," ताई म्हणाली. हसत म्हणाली, पण तो सूर ऐकून मी क्रेटमध्ये चपापलो. तो माझाच सूर होता. मास्ककडे बघून मी जसा बोलतो ना, तसा.

आम्ही चार भाऊ तिच्या पट्ट्यात शिरलो. मला उजवी कूस मिळाली. त्या दिवसापासून मी तिला माझी समजू लागलो, हे माझंच वेडेपण.

पहिल्या उडीत पाणी अंघोळीच्या पाण्यासारखं कोमट लागलं. कमरेवरून मला समोरचं दिसत नाही, बाजूचं दिसतं. बाजूला प्रवाळांचे खडक होते, काही माणसाच्या मेंदूसारखे सुरकुतलेले, काही हरणाच्या शिंगांसारखे. हिरवे-निळे पोपटमासे ते कडाकड चावून खात होते आणि खाऊन झालं की शेपटाखालून वाळू सोडत होते. एक कासव आमच्याकडे ढुंकूनही न बघता निघून गेलं. ताईचा श्वास भराभर चालला होता, तिचं पोट माझ्याशेजारी धडधडत होतं. मधेच तिनं हात खाली आणला आणि मी जागेवर आहे ना, ते चाचपून पाहिलं. दोनदा पाहिलं. इतक्या वर्षांत मला कुणी असं चाचपलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिचा श्वास संथ झाला. मास्तरांनी वर आल्यावर "वा, ताई!" म्हटलं आणि डावीकडचा माझा एक भाऊ काढून क्रेटमध्ये टाकला. बिचारा 'ठण्' करून पडला. ताईच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या भावाच्या हकालपट्टीवर पेढे वाटल्यासारखी ती हसत होती.

"आता सहा," मास्तर म्हणाले. "तुमच्या अंगाला सहा बरोबर आहेत. याच्या खाली जायचं नाही."

"आणखी सराव झाला तर?"

"सरावानं माणूस हलका होत नाही, ताई. आणि एक लक्षात ठेवा. वजन भरल्या टाकीवर बघायचं नाही, रिकाम्या टाकीवर बघायचं. हवा संपत येते तशी टाकी हलकी होते आणि नेमकं तेव्हाच आपल्याला पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं. अंगात मुरलेली हवा सावकाश निघून जायला. त्या वेळी शरीर खाली राहायला हवं."

ताईनं मान हलवली. मीही मनात म्हटलं, वाचलो.

तिसऱ्या दिवशी मात्र सगळं बिघडलं. धाकटी पाण्यात हाताची घडी घालून, डोकं खाली पाय वर अशी उलटी तरंगली आणि खडकाखालच्या कपारीत डोकावून आली. वाळूचा कण हलला नाही. बोटीवर जो तो तिचं कौतुक करत होता. ताई म्हणाली, "लहानपणी ही पाण्याला पाय लावायला घाबरायची, माहितीये?"

सगळे हसले. धाकटीही हसली आणि ताईच्या टाकी अडकवायच्या जाकिटाचा खांद्यावरचा पट्टा ओढत म्हणाली, "अगं, हा असा नाही घ्यायचा. काल सांगितलं ना तुला?"

बोलणं साधंच होतं. पण सगळ्यांसमोर होतं, आणि जिची वेणी आपण घातली तिनं आपला पट्टा सारखा करावा, हे ताईला झोंबलं. कमरेचा पट्टा सोडवून तिनं मला मांडीवर घेतलं आणि बराच वेळ माझ्याकडे बघत बसली. मला वाटलं, प्रेमानं बघतेय.

चौथ्या दिवशी बुडालेलं जहाज बघायला जायचं होतं. मालवाहू जहाज, चोवीस मीटर खोल, वाळूत एका कुशीवर कलंडलेलं. त्याच्याबद्दल मी सामानाच्या खोलीत वर्षानुवर्षं ऐकत आलो होतो. बुडण्याच्या बाबतीत आमच्या घराण्यातलं सगळ्यात मोठं नाव ते! आजवर मी ते पाहिलेलं नव्हतं. आज ताईच्या कमरेवरून बघणार होतो.

बोट बुडालेल्या जहाजाच्या वर येऊन थांबली. सगळे आपापले सूट चढवत होते. ताईनं इकडेतिकडे पाहिलं, पट्टा उघडला, मला फटीतून सरकवून बाहेर काढलं आणि टॉवेलात गुंडाळून बाकाखाली ढकललं. इतक्या झटपट, की मला कळेपर्यंत अंधार झाला होता.

"ताई, वजन?" मास्तरांचा आवाज आला.

"सहा," ताई म्हणाली.

मग धपाधप पाण्यात उड्या पडल्या. बोटवाला म्हणाला, "ताई काय सरळ खाली गेली हो, मासोळीसारखी." टाकी भरलेली होती ना! ती जड टाकी माझं काम करत होती आणि नाव ताईचं होत होतं.

माझी काय दशा झाली असेल! तीन दिवस कमरेला धरून ठेवलं, दोनदा चाचपलं, आणि ऐन जहाजाच्या वेळी टॉवेलात? मी शापही दिला. शिशाचा शाप एकच असतो. मी म्हटलं, तरंग म्हणावं एकदाची!

पाऊण तास गेला. बोटीवर बोटवाला होता आणि कान दुखतोय म्हणून वर राहिलेला एक फोटोग्राफर होता. पाणी इतकं नितळ की पाच मीटरवरची माणसं वरून दिसायची.

"आले सगळे नांगराच्या दोरीपाशी," बोटवाला म्हणाला. "तीन मिनिटं मोजा आता." मग थोडा थांबून, "हे काय? कुणाचे पाय वर आहेत हे?"

"ताई वाटतेय," फोटोग्राफर म्हणाला.

"वर ओढली जातेय ती. दोरीला दोन्ही हातांनी लटकलीय, उलटी. हात सुटला तर..."

मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू? चांगली अद्दल घडली, असं मी म्हणालोही. पण बोटवाल्याच्या आवाजात मी कधी भीती ऐकली नव्हती. माझा आनंद तिथेच गोठला. बाकाखालून मी काय करणार होतो? माझे दोन किलो तिथे हवे होते आणि मी इथे कोरड्या टॉवेलात पडलो होतो.

"धाकटीनं धरलं," बोटवाला म्हणाला. "पट्ट्याला धरलंय. खिशातून काहीतरी काढून तिच्या जाकिटाच्या खिशात घालतेय. आले पाय खाली. आले हो आले."

सगळे वर आले. ताईनं तोंड पुसायला टॉवेल ओढला आणि मी धाडकन मास्तरांच्या पायाजवळ पडलो. अंगठा थोडक्यात वाचला.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मग ताईकडे. "हा इथे काय करतोय?"

"मी काढला," ताई म्हणाली. "चारात जमतं का बघायचं होतं. हिला जमतं, मग मला का नाही?"

"आणि मला सहा सांगितलंत."

"हो."

मास्तर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू बोलले. "उतरताना टाकी भरलेली होती, म्हणून तुम्हाला वाटलं, जमलं. हात सुटला असता तर चोवीस मीटर खाली राहून आलेल्या तुम्ही तडक वर आला असता. पुढचं मी बोलत नाही." आणि ते बोटीच्या टोकाला जाऊन बसले.

ताईनं जाकिटाच्या खिशात हात घातला आणि एक काळाभोर ठोकळा बाहेर काढला. माझ्याएवढाच, पण वर रबरी कातडी, कडा गुळगुळीत, नवाकोरा.

"हा तुझा? मग तू कशी राहिलीस खाली?"

"माझे चार माझ्या पट्ट्यात आहेत," धाकटी म्हणाली. "हा जादाचा. पहिल्या दिवसापासून खिशात घेऊन फिरतेय."

"कशाला?"

"तुझ्यासाठी. आणखी कशाला?"

"म्हणजे भरवसा नव्हता माझा."

धाकटी तिच्याशेजारी बाकावर टेकली. "ताई, तू मला नदीत पोहायला शिकवलंस. पोटाखाली हात धरून. 'सोडला बघ, सोडला हात,' म्हणायचीस. सोडायची नाहीस."

"तुला कळायचं?"

"पाण्यात हात कळत नाही होय? पण मी कधी म्हटलं का, भरवसा नाही तुझा?"

ताईनं कपाळावरचा मास्क डोळ्यांवर ओढला. बोटीत, कोरड्या बाकावर बसून. काचेला आतून वाफ धरली. धाकटी दुसरीकडे बघत राहिली आणि मी, पहिल्यांदाच, मास्कवर जळलो नाही.

दोन तासांनी दुसरी उडी होती. ताई म्हणाली, "मी नाही." मास्तर टोकावरूनच म्हणाले, "आज वर राहिलात तर परत कधी उतरणार नाही. पट्टा बांधा."

मी सरसावलो. झालं गेलं विसरून जायला मी तयार होतो. ताईनं मला हातात घेतलं, पट्ट्याजवळ नेलं आणि थांबली. मग काळ्याला उचललं. "हा राहू दे मला. याची सवय झाली आता."

सवय! तीन मिनिटांची सवय! मी तीन दिवस उजव्या कुशीला झिजलो आणि हा आयत्या बिळावर नागोबा झाला. त्याला पट्ट्यात बसवून ताई उभी राहिली आणि कुणी विचारलेलं नसताना म्हणाली, "माझे सहा आहेत. मोजा हवं तर." फोटोग्राफर ओशाळं हसून म्हणाला, "मी सगळ्यांना पाच सांगतो. सात लावतो." बोटीवर मग बरेच आकडे खरे झाले.

"आणि तुझ्या खिशात?" मास्तरांनी धाकटीला विचारलं. उत्तराची वाट न बघता मला उचलून तिच्याकडे टाकलं. "हा घे. जुना आहे, पण वजनाला पक्का आहे."

अशा रीतीनं मी अखेर बुडालेल्या जहाजावर गेलो. चेन लावलेल्या खिशात, मिट्ट काळोखात. लोखंडावर कुणाची तरी टाकी घासल्याचा आवाज आला, तेवढंच माझं जहाजदर्शन. काळा मात्र ताईच्या कुशीवरून सगळं बघत होता. वर येताना पाच मीटरवरची तीन मिनिटं कशी गेली, हेही मला कळलं नाही. मला कुणी बाहेर काढलं नाही.

संध्याकाळी सामान आवरताना ताईनं मास्तरांकडून काळा मागून घेतला आणि घरी नेला. पुढे धाकटीला तिनं फोटो पाठवला. औषधांच्या दुकानात, काउंटरवर, पंख्याच्या वाऱ्यानं चिठ्ठ्या उडू नयेत म्हणून काळा त्यांच्यावर बसलाय. तेही दिवसभर ताईच्या नजरेसमोर! तो फोटो सगळ्यांनी बघितला. मी नसता बघितला तर बरं झालं असतं.

मी तेव्हापासून धाकटीच्या खिशात आहे. मीठ लागून अंगावर पांढरट साय आलीय, कडा बोथट झाल्यात. मी आता कुणा एकाचा नाही. ज्याचा तोल जाईल, त्याचा. आजवर चार जणांना माझी गरज पडली. चौघेही आकडा खोटा सांगून उतरलेले. म्हणून हात जोडून सांगतो, मला हात नसले तरी. बाकी कुठेही काय फुशारकी मारायची ती मारा, पण पाण्यात उतरताना खरं सांगा. आमची लाज वाटून घेऊ नका.

यंदा पुन्हा तशी सुटी आली आणि ताई आली. केस पांढरे झालेत, श्वास मात्र धाकटीसारखा संथ झालाय. बोटीवर मास्तरांनी विचारलं, "ताई, किती?"

"आठ."

"आठ? कमी व्हायचे सोडून वाढले कसे?"

"सहा माझे आहेत," ताई म्हणाली. तिनं खिशाची चेन उघडून काळा दाखवला. "हे दोन हिच्यासाठी."

धाकटी खाली वाकून पायातल्या फिनचा पट्टा आवळत राहिली, आधीच आवळलेला.

जहाज बघून झालं. पाच मीटरवर दोघी समोरासमोर थांबल्या, दोरीला हात न लावता. तिच्या खिशात काळा, हिच्या खिशात मी. काळ्यावर मी अजून जळतो. ताईनं निवडलं ते त्यालाच, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि शिसं काही लवकर मरत नाही. इतक्यात धाकटीचा हात खिशाकडे आला. मी आहे ना, ते तिनं बाहेरूनच चाचपून पाहिलं. बाहेर निघण्यासाठी जन्मभर तळमळलेला मी. पण समोर ताई होती. मी म्हटलं, नको. आज नको काढूस मला.